अमेरिकेतल्या कॉलेजात लॅटिन घेताय? पहिल्या नोंदणीपासून चौथ्या सेमिस्टरपर्यंत

अमेरिकेत पदवीसाठी आलेल्या किंवा तिथंच वाढलेल्या मराठी मुलांपुढे पहिल्याच वर्षी परकीय भाषेची अट येऊन उभी राहते. बहुतेक जण डोळे मिटून स्पॅनिश घेतात, काही फ्रेंच, हल्ली थोडे जपानी किंवा कोरियन. लॅटिनचा विचारही कुणी करत नाही, कारण ती 'मेलेली भाषा' आणि तीही अवघड, असा समज पक्का असतो. आठवी ते दहावी संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यानं तरी लॅटिनचा विचार सगळ्यात आधी करावा, असं माझं ठाम मत आहे. लॅटिनचा सगळा कारभार प्रत्ययांवर चालतो. वाक्यात शब्द कुठं बसलाय याला फारसं महत्त्व नाही, त्याच्या शेवटी काय लागलंय याला आहे. अमेरिकन वर्गमित्रांचं पहिलं सेमिस्टर ही गोष्ट पचवण्यात जातं. आपण शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेलं असतं, आणि मराठीतही 'रामाने', 'रामाला', 'रामाचा' रोज बोलत असतो. ही सवय लॅटिनसाठी जाणीवपूर्वक कशी वापरायची, ते या लेखात पायरीपायरीनं सांगतो. शाळेत संस्कृत घेतलं नसेल तरी नुसत्या मराठीवर बरंच काम होतं.

नोंदणीआधी कॅटलॉग वाचा

तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षाचा कॅटलॉग काढा आणि भाषेची अट अक्षरशः वाचा. 'दोन सेमिस्टर' आणि 'इंटरमीडिएट पातळीपर्यंत' या दोन वेगळ्या अटी आहेत. दुसऱ्या अटीत बहुतेक ठिकाणी तिसरा किंवा चौथा कोर्स पूर्ण करावा लागतो. लॅटिन सहसा क्लासिक्स (प्राचीन ग्रीक-लॅटिन) विभागात असतं, त्यामुळे आधुनिक भाषांच्या यादीत ते दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका.

दुसरी गोष्ट क्रमाची. पहिला कोर्स अनेक कॉलेजांत फक्त फॉल सेमिस्टरला सुरू होतो, दुसरा स्प्रिंगला. लहान विभागात प्रत्येक कोर्स वर्षातून एकदाच असतो. मधलं एक सेमिस्टर चुकलं की अख्खं वर्ष थांबावं लागतं, आणि तोवर रूपं विसरलेली असतात. म्हणून पहिल्या वर्षी सुरू करा, फार तर दुसऱ्या. तिसऱ्या वर्षापर्यंत टाळत नेलं तर शेवटच्या सेमिस्टरला पदवी या एका अटीवर अडू शकते. वेळ खरंच कमी असेल तर उन्हाळ्यातले सघन वर्ग आहेत. त्यात वर्षाचं व्याकरण काही आठवड्यांत उरकतात, पण त्या काळात दुसरं काहीही हाती घेऊ नका.

भारतात मराठी माध्यमात शिकून आलेल्यांना अनेक विद्यापीठांत ही अट माफ होऊ शकते, कारण त्यांचं शालेय शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झालेलं असतं. घरी मराठी बोलणाऱ्यांची क्षमता चाचणी घेऊन सूट देण्याची सोयही काही ठिकाणी असते. सल्लागाराला थेट विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. सूट मिळाली म्हणजे अट माफ झाली, क्रेडिट मिळतीलच असं नाही. पास-फेल पर्यायाचंही विचारून ठेवा, अटीसाठीचे कोर्स अशा पद्धतीनं घ्यायला बरीच कॉलेजं परवानगी देत नाहीत. हायस्कुलात लॅटिन झालं असेल तर प्लेसमेंट टेस्ट द्या, पण निकालात काठावर असाल तर एक पायरी खालीच बसा. पाया कच्चा ठेवून सीझर वाचायला बसलं की हाल होतात.

लॅटिनचा एक मोठा फायदा लाजाळू मुलांना लगेच कळतो: तोंडी परीक्षा, संभाषणाचे गट, ऐकण्याच्या चाचण्या यांतलं बहुतेक ठिकाणी काही नसतं. सगळा भर वाचण्यावर असतो. अर्थात त्यामुळे काम कमी होत नाही, फक्त त्याचा प्रकार बदलतो.

पुस्तक कोणतं आणि ते कसं वापरायचं

वर्गात कोणतं पुस्तक असेल ते शिक्षक ठरवतात. मुख्य पद्धती दोन. एक व्याकरणाची: आधी नियम, मग तक्ता, मग सुटी वाक्यं. व्हीलॉक यांचं १९५६ साली पहिल्यांदा निघालेलं ४० प्रकरणांचं पुस्तक या पद्धतीचं, आणि अमेरिकन कॉलेजांत ते आजही सर्रास दिसतं. दुसरी वाचनाची: डॅनिश शिक्षक हान्स ऑर्बर्ग यांच्या 'फामिलिया रोमाना'मध्ये ३५ प्रकरणं आहेत आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं लॅटिनमध्ये. समासातल्या टीपाही लॅटिनमध्येच. एका रोमन कुटुंबाची गोष्ट पुढं सरकत जाते आणि व्याकरण तिच्या ओघात येतं.

माझा सल्ला असा की वर्गाचं पुस्तक कुठलंही असो, दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक शेजारी ठेवा. व्हीलॉकवाल्यांना नियम पाठ असतात, पण सलग परिच्छेद समोर आला की ते गोंधळतात. ऑर्बर्गवाले भराभर वाचतात, पण 'हे कोणतं रूप?' असं विचारलं की अडखळतात. परीक्षेत दोन्ही लागतं. आठवड्याला दुसऱ्या पुस्तकाचं एक प्रकरण, तेही मोठ्यानं वाचून, एवढं पुरे.

उच्चार: इथं देवनागरी कामाला येते

कॉलेजांत शिकवतात तो अभिजात उच्चार, म्हणजे प्राचीन रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याच्या काळात भाषा जशी बोलली जात असावी तसा. 'सी' हे अक्षर नेहमी 'क', 'जी' नेहमी 'ग', 'व्ही' आपल्या 'व'च्या जवळ. चर्चमधला उच्चार वेगळा आहे. गोव्यात किंवा वसईत घरातल्या वडीलधाऱ्यांनी लॅटिन मिस्सा ऐकलेली असेल (दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, उपासना लॅटिनमध्येच होत असे), तर त्यांच्या तोंडी 'आकाश' या अर्थाचा शब्द 'चेलुम' असा येईल. वर्गात तोच 'काइलुम्' होतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, वर्गात मात्र वर्गातला उच्चार धरा.

मराठी माणसाचा 'त' दंत्य असतो आणि लॅटिनचाही तसाच आहे, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीनं 'ट' करू नका. 'र' आपलाच. जोडव्यंजनं खरोखर दुहेरी उच्चारायची. ग्रीकमधून आलेल्या शब्दांतले महाप्राण 'फ', 'थ', 'ख' आपल्याकडे आयते आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ऱ्हस्व-दीर्घ. 'मलुस्' म्हणजे वाईट, 'मालुस्' म्हणजे जहाजाची डोलकाठी. 'लिबेर्' म्हणजे पुस्तक, 'लीबेर्' म्हणजे स्वतंत्र. 'पुएल्ल' ही मुलगी प्रथमेत आहे, 'पुएल्ला' झाली की तीच पंचमीत गेली. (शेवटचा 'अ' संस्कृत श्लोक म्हणताना उच्चारतो तसा पूर्ण.) पाठ्यपुस्तकात दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, आणि अमेरिकन मुलं ती शोभेची समजून सोडून देतात. तुम्ही सोडू नका. वहीत पहिले काही आठवडे प्रत्येक नवा शब्द देवनागरीतही लिहा. अ-आ, इ-ई, उ-ऊ हा फरक डोळ्यांत ठसतो. एक मर्यादा लक्षात ठेवा: 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ देवनागरीत वेगळे दिसत नाहीत. 'वेनित्' असं लिहिलं की तो 'येतो' आहे की 'आला' आहे ते कळणार नाही. ऱ्हस्व 'ए' असेल तर वर्तमान, दीर्घ असेल तर भूतकाळ. म्हणून या दोन स्वरांसाठी रोमन अक्षरावरची आडवी रेघ मारायलाच हवी.

आघाताचा नियम एका ओळीचा आहे. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. 'अमीकुस्'मध्ये आघात 'मी'वर, 'दोमिनुस्'मध्ये 'दो'वर. गुरू-लघू शाळेत झालेलं असतं, त्यामुळे हा नियम आपल्याला पाच मिनिटांत येतो.

शब्द पाठ करताना अर्धवट लिहू नका

कार्डं कागदाची करा नाहीतर 'अँकी'सारख्या ॲपवर, पण कार्डावर काय लिहायचं ते पहिल्याच आठवड्यात ठरवा. नाम असेल तर प्रथमा, षष्ठी, लिंग आणि अर्थ, चारही. 'रेक्स्, रेगिस्, पुल्लिंग, राजा.' नुसतं 'रेक्स्' लिहिलंत तर बाकीची रूपं 'रेग्'पासून होतात हे कळायला मार्ग नाही. 'इतेर्' म्हणजे वाट, तिची षष्ठी 'इतिनेरिस्'. षष्ठी पाठ नसेल तर हा शब्द मजकुरात समोर आल्यावर ओळखूच येणार नाही. क्रियापदाची चार मूळ रूपं लिहायची. 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम्': वाहून नेणे. चौघांचे चेहरे वेगवेगळे, पण क्रियापद एकच.

संस्कृतशी नातं दिसलं की कार्डाच्या कोपऱ्यात टिपा. 'फेरो' आणि 'भरामि', 'इग्निस्' आणि 'अग्नि', 'विदुअ' आणि 'विधवा', 'नोमेन्' आणि 'नाम', 'मेदिउस्' आणि 'मध्य', 'दोनुम्' आणि 'दानम्'. या साम्याकडे संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातल्या भाषणात लक्ष वेधलं आणि तिथून भाषांच्या तुलनेच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. नुसत्या ऐकण्यावर मात्र जाऊ नका. 'नातुस्' म्हणजे 'जन्मलेला'. तो 'जात'चा भाऊ आहे, आपल्या 'नातू'शी त्याचा संबंध नाही. नातवासाठी लॅटिन शब्द 'नेपोस्', आणि तो खरोखर संस्कृत 'नप्तृ'चा आणि म्हणून आपल्या 'नातू'चा नातेवाईक. संशय आला की शब्दकोश उघडा.

कोणते शब्द आधी? वर्गाच्या प्रकरणातले तर करायचेच. त्याखेरीज डिकिन्सन कॉलेजनं सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सुमारे १००० शब्दांची यादी मोफत दिली आहे. दुसऱ्या सेमिस्टरच्या अखेरीस तिच्यातला मोठा भाग हातात असेल तर पुढचं वर्ष सुसह्य जातं.

रूपं: पाठांतराला लाजू नका

हल्ली पाठांतराला नावं ठेवायची पद्धत पडली आहे. लॅटिनपुरतं तरी हे मत बाजूला ठेवा. रूपं तोंडावर नसतील तर प्रत्येक वाक्य कोडं होतं.

क्रमाची एक अडचण आधीच सांगतो. अमेरिकन पुस्तकांत विभक्ती प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, पंचमी या क्रमानं येतात. ब्रिटिश पुस्तकांत द्वितीया वर असते, जी आपल्याला जवळची वाटते. तरी वर्गाच्या पुस्तकाचाच क्रम पाठ करा, कारण दर आठवड्याच्या क्विझमध्ये तक्ता त्याच क्रमानं भरायचा असतो. 'दास' या अर्थाचा शब्द घ्या आणि लय धरून म्हणा:

सेर्वुस्, सेर्वी, सेर्वो, सेर्वुम्, सेर्वो;
सेर्वी, सेर्वोरुम्, सेर्वीस्, सेर्वोस्, सेर्वीस्.

वरची ओळ एकवचनाची, खालची अनेकवचनाची. द्विवचन नाही, हा मोठाच दिलासा. नीट पाहिलंत तर 'सेर्वी' दोनदा येतं, षष्ठी एकवचन म्हणून आणि प्रथमा अनेकवचन म्हणून. कोणतं ते वाक्यच सांगतं. नामांचे असे पाच गण आहेत आणि क्रियापदांचे चार. एकदम सगळे करू नका, पण जो केला तो झोपेतही सांगता आला पाहिजे.

क्रियापदात आपली चांदी आहे. 'असणे'ची रूपं बघा: सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्. शेजारी अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. बाकीच्या क्रियापदांनाही -स्, -त्, -मुस्, -तिस्, -न्त् हेच प्रत्यय लागतात. आणि 'त' प्रत्ययाचं कर्मणि भूतकालवाचक विशेषण, शाळेतलं 'क्त', लॅटिनमध्ये -तुस् होऊन भेटतं: दत्त आणि 'दतुस्', ज्ञात आणि 'नोतुस्'.

विभक्तींचे अर्थ मात्र सरळसोट जुळवू नका. संस्कृतात आठ, लॅटिनमध्ये संबोधन धरून व्यवहारात सहा. गेलेल्या दोघींचं काम पंचमीनं उचललं आहे. तलवारीनं मारलं (आपली तृतीया), शहरातून आला (पंचमी), शहरात राहतो (सप्तमी): तिन्हींना लॅटिनमध्ये पंचमीच, कधी शब्दयोगीसह, कधी नुसती. सप्तमी थोड्याच शब्दांत उरली आहे, 'रोमाइ' म्हणजे रोममध्ये, 'दोमी' म्हणजे घरी. लॅटिन पंचमी दिसली की 'ने, हून, त' हे तिन्ही प्रश्न विचारायचे, एवढी एक सवय लावून घेतली की निम्मं काम होतं.

वाक्य वाचायचं कसं

ब्रिटिश काळात मुंबईला लावलेलं एक लॅटिन बिरुद होतं: 'उर्ब्स् प्रीम इन् इन्दीस्'. 'उर्ब्स्' नगर, स्त्रीलिंगी, प्रथमा. 'प्रीम' पहिली, लिंग, वचन, विभक्ती 'उर्ब्स्'शी जुळते, म्हणजे विशेषण तिचंच. 'इन्' हे शब्दयोगी, पण आपल्यासारखं नामानंतर न लागता नामाआधी येतं. 'इन्दीस्' हे 'भारतीय लोक' या शब्दाचं पंचमी अनेकवचन. इथं पंचमी सप्तमीचं काम करते आहे: भारतीयांमधलं पहिलं नगर.

आता सीझरच्या गॉल युद्धावरच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य, त्याची सुरुवात: 'गल्लिअ एस्त् ओम्निस् दीवीस इन् पर्तेस् त्रेस्'. डावीकडून उजवीकडं जाऊ. 'गल्लिअ' (म्हणजे गॉल, आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) प्रथमा, म्हणजे कर्ता असावा. 'एस्त्' आहे, काय आहे ते अजून कळलं नाही, थांबा. 'ओम्निस्' सगळी, कुणाशी जुळतं? गल्लिअशी. 'दीवीस' विभागलेली, तेही गल्लिअशी जुळतं, आणि मघाच्या 'एस्त्'शी जोडलं की 'विभागलेली आहे'. मग पुन्हा 'इन्'. या वेळी पुढं 'पर्तेस् त्रेस्', द्वितीया. 'इन्'नंतर पंचमी आली तर 'मध्ये', द्वितीया आली तर 'च्या आत, च्याकडे', म्हणजे हालचाल किंवा बदल. म्हणून 'तीन भागांत विभागलेली'. शब्द तोच, विभक्ती बदलली की अर्थ बदलला. मुंबईच्या बिरुदातलं 'इन्' आणि सीझरचं 'इन्' वहीत एकाखाली एक लिहून ठेवा, हा नियम पुन्हा विसरणार नाही.

अनेक वर्गांत सांगतात, 'आधी क्रियापद शोधा.' पहिल्या महिन्यात याचा उपयोग होतो, पण ही सवय लावून घेऊ नका. लॅटिन क्रियापद बहुधा शेवटी येतं, आणि मराठीतही तेच होतं. आपण आयुष्यभर कर्ता आणि कर्म मनात धरून क्रियापदाची वाट बघतच वाक्य ऐकत आलो आहोत. म्हणून आधी लॅटिन क्रमानंच मराठीत समजून घ्या आणि इंग्रजी भाषांतर मागाहून लिहा. मराठीतून गेल्यानं वेळ वाढत नाही, उलट वाचतो.

अडणाऱ्या आणि न अडणाऱ्या जागा

दुसऱ्या सेमिस्टरमध्ये 'उर्बे कप्ता' असली रचना येते आणि वर्गात हाय खाल्ली जाते. नाम पंचमीत, धातुसाधित पंचमीत, आणि उरलेल्या वाक्याशी व्याकरणानं काही नातं नाही. ही आपली सति सप्तमी. 'सूर्ये अस्तं गते' हे ज्यानं शाळेत सोडवलं त्याला फक्त सप्तमीच्या जागी पंचमी घालायची आहे. आणि मराठी तर अगदी सोपं: 'शहर काबीज झाल्यावर'.

खरी अडचण परोक्ष कथनात आहे, आणि तिथं संस्कृतचा 'इति' किंवा मराठीचा 'की' मदतीला येत नाही. 'मार्कुस म्हणतो की मुलगी येते आहे' याचं लॅटिन 'मार्कुस् दीकित् पुएल्लम् वेनीरे'. 'की' नाहीच. मुलगी द्वितीयेत गेली आणि 'येते' हे क्रियापद 'येणे' अशा मूळ रूपात. म्हणणं, समजणं, ऐकणं, वाटणं या अर्थाचं क्रियापद दिसलं की पुढं द्वितीया आणि मूळ रूप यांची जोडी शोधायची. काळही मुख्य क्रियापदाच्या तुलनेत मोजायचा: 'वेनीरे' म्हणजे त्याच वेळी येणं, 'वेनिस्से' म्हणजे आधी आलेली असणं, 'वेन्तूरम् एस्से' म्हणजे पुढं येणार असणं. यावर पूर्ण एक आठवडा खर्च करा. सीझरमध्ये ही रचना पानापानावर आहे.

आठवड्याचं गणित

अमेरिकेत क्रेडिटचा हिशेब वर्गातल्या एका तासामागं बाहेरचे दोन तास असा धरतात. चार क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला आठ तास. लॅटिनमध्ये हे आठ तास रविवारी एकदम बसून होत नाहीत. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं कार्डं आणि रूपं, मोठ्यानं. रात्री तासभर वाचन. वर्गाच्या आदल्या दिवशी नेमून दिलेला उतारा दोनदा, वर्ग झाल्यावर त्याच दिवशी तिसऱ्यांदा. या तिसऱ्या वाचनाचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण भाषा खरी अंगात मुरते ती तेव्हाच.

पुस्तकातल्या ओळींच्या मध्ये इंग्रजी अर्थ लिहू नका. दुसऱ्या वेळी डोळे लॅटिनकडं जातच नाहीत. त्याऐवजी समासात नुसती खूण करा: पंचमी असेल तर तिचा अर्थ कोणता, विशेषण कुठल्या नामाचं, रूप नेमकं कुठून आलं.

साधनं भरपूर आहेत. शिकागो विद्यापीठाचं 'लोगिऑन' शब्दकोशांसाठी, टफ्ट्स विद्यापीठाचं 'पर्सियस' मूळ ग्रंथांसाठी, 'व्हिटेकर्स वर्ड्स' अनोळखी रूप फोडण्यासाठी. क्रम मात्र पाळा: आधी स्वतः अंदाज, मग यंत्र. तयार भाषांतर किंवा एआयकडून करून घेतलेला अर्थ घेऊन वर्गात गेलात तर शिक्षकांच्या 'हे कोणत्या विभक्तीत आहे आणि का?' या दुसऱ्याच प्रश्नाला उत्तर देता येणार नाही. शिक्षकांच्या ऑफिस अवर्सला जरूर जा. लॅटिनचे वर्ग सहसा लहान असतात, शिक्षक नावानं ओळखतात, आणि पुढं शिफारसपत्र लागतं तेव्हा याचा उपयोग होतो.

परीक्षा

परीक्षेत तक्ते, रूप ओळखणं, वर्गात केलेल्या उताऱ्याचं भाषांतर आणि न पाहिलेला उतारा असतो, कधी इंग्रजीतून लॅटिन करायची चार वाक्यंही. गुण बहुधा वाक्याचे तुकडे करून देतात, म्हणून एखादा शब्द अडला तरी बाकीचं लिहा, जागा कोरी सोडू नका. भाषांतरात व्याकरण दिसलं पाहिजे: अनेकवचन असेल तर अनेकवचनच, कर्मणि असेल तर कर्मणिच. सुंदर इंग्रजीसाठी रचना बदललीत तर तुम्हाला मूळ रचना कळली होती की नाही हे तपासणाऱ्याला कळत नाही. न पाहिलेला उतारा आधी शेवटपर्यंत वाचा, शीर्षक आणि तळटीपांतले शब्द आधी बघा, आणि मगच पहिलं वाक्य उलगडायला घ्या.

दुसरं वर्ष: खरे लेखक

पाठ्यपुस्तकातली वाक्यं आणि सीझर-सिसेरो यांच्यामध्ये मोठी दरी आहे, आणि तिसऱ्या सेमिस्टरला बरीच मुलं तिच्यात पडतात. दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत जेरोमनं लॅटिनमध्ये भाषांतरित केलेलं बायबल वाचत राहिलात तर ही दरी बरीच भरून निघते. त्यातली वाक्यं लहान आहेत, गोष्टी ओळखीच्या आहेत. जेफ्री स्टेडमन यांच्या मोफत आवृत्त्याही सोयीच्या, कारण त्याच पानावर शब्दार्थ आणि टीपा असतात.

चौथ्या सेमिस्टरला बहुधा व्हर्जिल किंवा ओव्हिड हा रोमन कवी येतो आणि त्याबरोबर छंद. इथं तुम्ही वर्गात सगळ्यांच्या पुढं असाल. महाकाव्याच्या ओळीत सहा पाय असतात. प्रत्येक पाय एकतर गुरू-लघू-लघू, म्हणजे आपला भगण, नाहीतर दोन गुरू. दोन्हींच्या मात्रा चार. पाचवा पाय बहुतेक वेळा भगणच, आणि सहावा दोन अक्षरांचा. म्हणजे स्वभावानं हे मात्रावृत्त आहे. व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याची पहिली ओळ अशी फोडायची:

अर्-म वि | रुम्-क्वे क | नो त्रो | याइ क्वी | प्री-मु-स | बो-रीस्

भगण, भगण, दोन गुरू, दोन गुरू, भगण, आणि शेवटी दोन अक्षरं. गुरू-लघूचे नियमही ओळखीचे: दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराआधीचा ऱ्हस्वही गुरू. सांभाळायच्या जागा थोड्याच. देवनागरीत 'क्व' जोडाक्षर दिसतं, पण लॅटिनमध्ये ते एकच व्यंजन मोजतात, त्यामुळे 'अक्व' म्हणजे पाणी, यातला पहिला 'अ' लघूच राहतो. 'त्र', 'प्ल' अशा जोडांआधीचं अक्षर कवी सोयीनं लघूही ठेवतो. आणि शब्दाच्या शेवटी स्वर (किंवा स्वर आणि 'म्') आला, पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला, तर शेवटचा स्वर गळतो, पण लिहिताना तसाच दिसतो. ओळी हाताने ताल धरून म्हणा, चुकीची मात्रा कानाला लगेच खटकते.

अट पूर्ण झाल्यावर

इतिहास, धर्मशास्त्र, मध्ययुग, तत्त्वज्ञान यांत पीएचडी करणाऱ्यांना लॅटिन वाचनाची परीक्षा द्यावी लागू शकते, तिथं हे दोन वर्षांचं काम थेट उपयोगी पडतं. वनस्पतीशास्त्रात नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच द्यायची सक्ती १९३५ पासून २०११च्या अखेरीपर्यंत होती. आता इंग्रजीही चालतं, पण जुनी वर्णनं वाचायला लॅटिन लागतंच.

विभागात स्वतंत्र वाचनाचा कोर्स मिळत असेल तर शिक्षकांसमोर 'हॉर्टुस मलाबारिकुस'चा प्रस्ताव ठेवून बघा. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर करवून घेतलेला हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांची कोकणी साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. जुने खंड स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत. पहिल्या खंडाची सुरुवात नारळापासून होते, तिथूनच वाचायला घ्या. मूळ, खोड, पान, फूल, फळ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे दोन-तीन झाडं झाली की शब्दकोश कमी लागतो. त्या काळची लांब 'स' छापताना 'फ'साठीच्या रोमन अक्षरासारखी दिसते, तेवढं पहिल्या पानावर लक्षात ठेवा.